मिस लॉर्नाचा साबण

आमच्या गावातल्या छत्तीस वर्षांखालच्या कुठल्याही माणसाला विचारा, बुटाची नाडी बांधायला कुणी शिकवलं, उत्तर एकच येईल. मिस लॉर्नाने. मेथडिस्ट चर्चच्या तळघरात तिची 'छोट्या चिमण्या' नावाची बालवाडी. तिथून उडालेली चिमणी पुढे पोलीस होवो, दंतवैद्य होवो, नाहीतर मयताची कामं करणारा होवो, मिस लॉर्ना समोर आली की पंख आपोआप मिटतात. कारण साधं आहे. कुणी कधी चड्डी ओली केली, कुणी नाकातला माल कुठल्या भिंतीला पुसला, कोण किती दिवस आईसाठी भोकाड पसरत होता, सगळं तिच्या डोक्यात पक्कं. एकदा मेयरसाहेबांनी तिच्या अंगणातलं मेपलचं झाड रस्त्यावर येतं म्हणून तोडायचा हुकूम काढला. तिने भर किराणा दुकानात, केळ्यांच्या ढिगाशेजारी, त्यांना एवढंच विचारलं, "काय रे रॉडनी, अंगठा चोखायचा सुटला का?" हुकूम मागे. झाड अजून आहे.

मिस लॉर्ना हकस्टेप तेव्हा अठ्ठावन्नची. गोरी, गोल, चष्मा साखळीने गळ्यात, खिशात चार रुमाल आणि त्यातला एकही स्वतःच्या नाकासाठी नाही. तिला एका गोष्टीचा अभिमान होता, आणि चर्चच्या जेवणावळीत सफरचंदाच्या पायचा दुसरा तुकडा पोटात गेला की ती तो बोलून दाखवायची. "माझ्या वर्गातल्या मुलांना ना, रंग दिसतच नाही. माणूस दिसतो." ऐकणारे माना डोलवायचे. आता, याच मुलांना खडूंच्या डब्यातल्या सात निळ्यांची सात नावं पाठ. आभाळी खडूला कुणी समुद्री म्हटलं तर मारामारी व्हायची. पण हे तिला सांगणार कोण? मेपलचं झाड प्रत्येकाच्याच अंगणात असतं.

हे तिने साधलं कसं, तेही ऐका. पहिल्याच वर्षी एक पोरगा दूध घेऊन आलेल्या माणसाकडे बोट दाखवून ओरडला होता, "तो बघा, काळा माणूस!" दूधवाल्याने ऐकलं. मिस लॉर्ना तेव्हा सत्तावीसची, तिच्या कानाच्या पाळ्या लालभडक झाल्या. तिने टाळ्या वाजवल्या आणि लोण्यासारख्या आवाजात म्हणाली, "अगंबाई, कुणाचे हात घाण झालेत? चला, चला, हात धुवूया!" सगळी रांग सिंकपाशी. साबण, फेस, दोनदा म्हणायचं गाणं. हात कोरडे होईतो दूधवाला गेला आणि प्रश्नही मोरीतून वाहून गेला.

तेव्हापासून हाच रिवाज. "तिचे केस असे का?" चला, हात धुवूया. "याची आई गोरी आणि हा नाही, असं कसं?" चला, हात धुवूया. कपाळाला आठी नाही, रागावणं नाही, डोळे वटारणं तर नाहीच. एकतीस वर्षं. आमच्या गावात सर्दी-खोकला कमी आहे तो उगाच नाही.

वर्गाला लागूनच स्वयंपाकघर. तिथे अर्लीन पेटवे बावीस वर्षं मुलांचं रांधत होती. अर्लीन नदीपलीकडच्या वस्तीतली, काळी, उंच, आणि जीभ अशी की सुरीला धार लावायला तिच्याकडे द्यावी. पावणेआठला, मुलं यायच्या आधी, दोघींची कॉफी. नवऱ्यांच्या तक्रारी, पास्टरच्या बायकोची नवी टोपी, अमक्याच्या लग्नाला महिने किती आणि बाळ किती महिन्यांचं, असले विषय. आमच्या गावाचं वर्तमानपत्र दर गुरुवारी निघतं, पण त्या स्वयंपाकघरातून रोज निघायचं. अर्लीनची नात किमोरा दोन वर्षांपासून याच वर्गात होती. वय पाच. चौदा मुलांत काळी अशी ती एकटीच.

नोव्हेंबरात अध्यक्षपदाची निवडणूक झाली. मिस लॉर्नाच्या अंगणात पाटी होती तिच्या नवऱ्याच्या, ड्वेनच्या, उमेदवाराची. तिने मत दिलं दुसऱ्याला. म्हणजे नवरा-बायको थंडीत तासभर एका रांगेत उभे राहिले, एकमेकांचं मत पुसून टाकलं आणि येताना डोनट खाऊन आले. निवडून आला तो काळा. देशाच्या इतिहासात पहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस लॉर्ना स्वयंपाकघरात शिरली ती डोळे गाळतच, आणि अर्लीनच्या गळ्यात पडली.

"पाहिलंस ना अर्लीन! संपलं गं एकदाचं ते सगळं."

अर्लीनने तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं. "ओटमील करपतंय, लॉर्ना," ती म्हणाली.

त्याच महिन्यात कधीतरी अर्लीनने सांगितलं, "किमोराच्या हातांना भेगा पडल्यात बघ. तुझा साबण कडक आहे, बदल की." मिस लॉर्नाने त्याच संध्याकाळी मुलायम साबण आणून ठेवला, लहान बाळांचा. अर्लीन घरी व्हॅसलीन चोळू लागली. भेगा काही मिटेनात. दोघींनी मिळून दोष दिला नदीवरच्या वाऱ्याला.

मग आली जानेवारीची वीस तारीख. मंगळवार. दुपारी बाराला नवा अध्यक्ष शपथ घेणार होता आणि ते मुलांना दाखवायचं मिस लॉर्नाने ठरवलं होतं. दाखवायचं म्हणजे फक्त दाखवायचं, बोलायचं काही नाही. वरच्या मजल्यावरून चाकांच्या गाड्यावर ठेवलेला टीव्ही जिन्यावरून उतरवताना चर्चच्या राखणदाराची कंबर धरली. टेबलांवर मिस लॉर्नाने खास दिवसांचे टेबलमॅट मांडले होते, ज्यांच्यावर आजवरच्या सगळ्या अध्यक्षांचे चेहरे रांगेने छापलेले असतात. एका चौकोनात एक माणूस, गळ्याला टाय नाहीतर गलपट्टा, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर जेवण पचलं नसल्याचा भाव.

अकरा वाजता टीव्हीवर नुसत्या मुंग्या, चित्र नाही. मिस लॉर्ना गुडघ्यांवर बसून त्याच्या मागच्या वायरींत घुसली. म्हणूनच पोरांना ती दिसत नव्हती आणि तिला पोरं ऐकू येत होती.

पोरांचा खेळ चालला होता अध्यक्ष-अध्यक्ष. शपथ देणारा होता कॉल्टन, ट्रॅक्टरच्या दुकानवाल्याचा मुलगा. चेहऱ्यावर ठिपके, मनाने गायीसारखा. पुढच्या दातांच्या फटीतून शिट्टी वाजायची. सगळ्यांना कामं वाटून देणारी होती मॅकेना. अशी एक मॅकेना प्रत्येक वर्गात असते आणि पुढे ती नगरपालिकेत जाते.

"पहिल्यांदा किमोरा अध्यक्ष," मॅकेना म्हणाली. "ती त्याच्यासारखी दिसते म्हणून."

वायरींमध्ये मिस लॉर्नाचा हात थांबला. दिसते? हिला दिसतं?

"हो, तीच," बाकीची पोरं म्हणाली, जशी काही ही गोष्ट सूर्य उगवण्याइतकी जुनी होती.

"थांबा," कॉल्टन म्हणाला. "आधी हात." आणि मग तो एकदम गोड आवाजात गाऊ लागला, "चला, चला, हात धुवूया!"

टीव्हीमागे मिस लॉर्नाला हसू फुटलं. हुबेहूब तिचा सूर. पोरं नक्कल करतात ती प्रेमापोटीच. नळ सुटल्याचा आवाज आला. गाणं, दोनदा. नळ बंद.

"दाखव," मॅकेना म्हणाली. "नाही गं, अजून आहे. चला, चला..."

पुन्हा नळ. पुन्हा गाणं. पुन्हा, "दाखव. अजून आहे." तिसऱ्या वेळी पाणी सुटलं तेव्हा मिस लॉर्नाचं हसू कुठे गेलं ते तिलाच कळलं नाही. ती टीव्हीमागून उठली, केसांना कोळिष्टकं, आणि पाहते तो किमोरा स्टुलावर चढून सिंकपाशी उभी. बाह्या कोपराच्या वर. ती घासत होती, मन लावून, भांडी घासतात तशी. इतर पोरं मागे ओळीने उभी राहून तिच्यासाठी गाणं म्हणत होती. चिडवणं नव्हतं, खोडी नव्हती. मदत चालली होती.

"हे काय करताय रे तुम्ही?"

"किमोराला अध्यक्ष करतोय," कॉल्टन म्हणाला. "पण तिचं निघत नाहीये, मिस लॉर्ना."

"काय निघत नाहीये?"

कॉल्टनने तिच्याकडे पाहिलं, मोठं माणूस असून हिला कसं ठाऊक नाही, अशा नजरेने. "रंग. कुणी कातडीचं बोललं की आपण हात धुतो ना. ती घाण असते म्हणून. आमचं लगेच निघतं. किमोराचंच राहतं." त्याने टेबलावरचा मॅट उचलला आणि चौकोनांवरून बोट फिरवलं. "हे बघा, यांचं सगळ्यांचं निघालेलं. म्हणून यांना होऊ दिलं."

"नव्याचं नाही निघालं," मॅकेनाने माहिती पुरवली. "तरी होऊ देतायत. माझे बाबा म्हणतात, आता कुणालाही होऊ देतात."

मिस लॉर्नाने सिंकची कड धरली. एकतीस वर्षांत तिला उलट बोलणाऱ्या, चावणाऱ्या, कात्रीने दुसऱ्याची वेणी कापणाऱ्या पोरांसमोर शब्द सुचला नाही असं कधी झालं नव्हतं. आता तोंड उघडलं तर आतून एकच वाक्य वर येत होतं, सवयीचं, आणि ते जिभेवर आलेलं पाहून तिने ओठ घट्ट मिटले. चला, हात धुवूया.

"मी घरीपण धुते," किमोरा म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. आज्ञाधारक मुलीने गृहपाठ दाखवावा तसं सांगत होती. "आजी टीव्ही बघते ना, तेव्हा. तिची तारेची घासणी घेते मी. दुखतं थोडं. पण थोडंसं निघालंय, इथे." आणि तिने मनगट पुढे केलं. तिथलं कातडं सोलवटून गुलाबी झालं होतं.

मागे काहीतरी खाली आदळलं. स्वयंपाकघराच्या दारात अर्लीन उभी होती. मॅकरोनीचा मोठा ट्रे तिने खाली ठेवला होता की तो तिच्या हातून सुटला होता, सांगता येत नाही. अर्धी मॅकरोनी फरशीवर होती. नेमका त्याच वेळी टीव्ही सुरू झाला आणि लाखो माणसांचा जल्लोष त्या तळघरात भरला. बघायला कुणी मोकळं नव्हतं.

अर्लीन पुढे आली. तिने एप्रनला हात पुसले, नातीला स्टुलावरून खाली उतरवलं, तिची दोन्ही मनगटं उलटीपालटी करून पाहिली, खूप वेळ. मग खुंटीवरून तिचा जांभळा कोट काढला.

मिस लॉर्ना मागोमाग स्वयंपाकघरात गेली. "अर्लीन, अगं, मी कधी एका शब्दाने तरी... तू तर ओळखतेस मला. माझ्या तोंडून कधी एक वाईट शब्द..."

"मिसेस हकस्टेप," अर्लीन म्हणाली. बावीस वर्षांत तिने ही हाक कधी मारली नव्हती. "मी रोज व्हॅसलीन लावत होते. रोज संध्याकाळी. आणि तुला साबण बदलायला सांगत होते." तिला हसू आलं, आणि मिस लॉर्ना एक पाऊल मागे सरली. "साबण बदलायला!"

"मला कल्पना नव्हती गं."

"मला होती की! भिंतीपलीकडून ऐकू यायचं मला. कुणी काही विचारलं की इकडे तू नळ सोडायचीस. तिकडे मी भांडी आपटायचे, म्हणजे मला पुढचं ऐकू येऊ नये. चांगली नोकरी आहे, बाई चांगली आहे, कशाला बोला! वाटलं, पोरंच ती, पाण्याबरोबर विसरतील." किमोराच्या कोटाची चेन तिने हनुवटीपर्यंत ओढली. "उद्या सकाळी मी हिला घेऊन येईन. दारात उभी राहीन. तू त्या पोरांशी बोल. माझ्यासमोर, हिच्यासमोर. पाण्याकडे न पळता बोललीस तर बघू. नाहीतर ही इथे येणार नाही, आणि माझं काही सामान असेल तर पास्टरकडे देऊन ठेव."

मुलं घरी गेल्यावर मिस लॉर्ना किराणा दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत गाडी लावून बसली. घरी ड्वेन होता, आणि ड्वेनशी असल्या विषयावर बोलणं म्हणजे फ्रिजशी बोलणं. आत दिवा लागतो, बाकी काही नाही. तिने स्टिअरिंगसमोर सराव सुरू केला. "मुलांनो, काही माणसं..." पुढे गाडी जाईना. "मुलांनो, कातडी म्हणजे..." छे.

काचेवर टकटक झाली. ब्राइस, पोलीस. आमच्या गावातला सगळ्यात सरळ पोरगा, वय तीस, हाही तिचाच विद्यार्थी.

"मिस लॉर्ना, सगळं ठीक ना? अर्धा तास झाला, तुम्ही एकट्याच बोलताय. लोक बघतायत."

"ब्राइस, खरं सांग. माझ्या वर्गातलं तुला काय आठवतं?"

"नाडी बांधणं," तो हसला. "आणि हात धुणं! बापरे, किती धुवायला लावायचात हो तुम्ही. ती सवय अजून गेली नाही बघा. बायको चिडवते."

"कसली सवय?"

"काही नाही हो, वेड्यासारखं आहे. नदीपलीकडच्या कुणाची गाडी थांबवली, कागद बघितले, सोडून दिली, की मी हात पुसतो. पँटला, असे. दर वेळी." त्याने पुसून दाखवले.

"कुणाचीही गाडी थांबवली तरी?"

ब्राइसने विचार केला. प्रामाणिक पोरगा, उत्तर शोधायला खरंच मनात उतरला. आमच्या नदीपलीकडे कोण राहतात हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. "नाही," तो हळूच म्हणाला. "नाही, सगळ्यांच्या वेळी नाही." आणि आपले हात पँटवर तसेच राहिलेत हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने ते उचलले आणि कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. मिस लॉर्नाने गाडी सुरू केली. घराशी येईतो तिने एकतीस वर्षांची नावं मनात घेतली. रॉडनी मेयर. दंतवैद्य. दोन शाळामास्तर. बँकेत कर्जाचे अर्ज बघणारी शेली. वळणावर तिला गाडी बाजूला घेऊन थांबावं लागलं.

बुधवारी सकाळी मुलं गालिच्यावर गोल करून बसली. मिस लॉर्ना तिच्या बुटक्या खुर्चीवर. स्वयंपाकघराच्या दारात अर्लीन, आणि तिच्या पुढ्यात कोटाची चेन हनुवटीपर्यंत ओढलेली किमोरा.

"मुलांनो," मिस लॉर्नाने सुरुवात केली, "बागेत बघा, देवाने किती तऱ्हतऱ्हेची फुलं..."

"फुलं नकोत," दारातून आवाज आला.

मिस लॉर्नाने रुमाल काढला, कपाळ पुसलं, तो परत ठेवला. तिने श्वास घेतला आणि जे वाक्य एकतीस वर्षांत त्या तळघरात मोठ्या माणसाने उच्चारलं नव्हतं ते उच्चारलं.

"किमोराची कातडी तपकिरी आहे."

तेराही मुलं उठली. ढकलाढकली नाही, कुजबुज नाही. एकामागे एक रांग लावून ती सिंककडे चालू लागली.

दारात अर्लीनने तोंडावर हात धरला. कॉल्टन स्टुलावर चढला होता. त्याचा हात नळाच्या चावीवर होता. तेव्हा मिस लॉर्ना उठली, अठ्ठावन्न वर्षांची, गुडघ्यांनी दगा देणारी बाई, आणि धावली. धावली म्हणजे खरंच धावली. कॉल्टनला उचलून बाजूला ठेवलं आणि सिंककडे पाठ करून, दोन्ही हात पसरून, अडसरासारखी उभी राहिली.

"नाही. आज कुणी हात धुवायचे नाहीत."

मुलं थिजली. "जेवायच्या आधीपण नाही?" मॅकेनाने विचारलं. तिचा सगळा विश्व-नियमच मोडला होता.

"ते वेगळं. ते... जेवायच्या आधी धुवायचे. पण ह्यासाठी नाही. ह्यासाठी कधीच नाही. किमोरा तपकिरी आहे. मी गुलाबट आहे. कॉल्टनवर ठिपके आहेत. ते कुणाला लागलेलं नाही. ते निघत नाही आणि काढायचं नसतं."

"पण तुम्हीच धुवायला लावता," कॉल्टन म्हणाला. त्याचे ओठ थरथरत होते. इतके दिवस तो नेमाने चांगलं वागत आला होता आणि आता ते चुकीचं निघत होतं.

"हो रे राजा. मी लावलं. मी चुकले. तू नाही."

एवढं ऐकल्यावर पोरांचा बांध फुटला. दुखतं का? उन्हाने होतं का? नव्या अध्यक्षाच्या छोट्या मुलीपण तशाच का? मग आधीच्या अध्यक्षांत एकही का नाही? मिस लॉर्ना सिंकला टेकून उत्तरं देत होती, काही बरोबर, काही अर्धवट, एक-दोन ठिकाणी "मला माहीत नाही, शोधून सांगते." शेवटच्या प्रश्नाला ती अडली. दाराकडे पाहिलं. अर्लीनने मदत केली नाही.

"होऊ देत नव्हते म्हणून," मिस लॉर्ना म्हणाली. "मत द्यायलाही जाऊ देत नव्हते कितीतरी ठिकाणी. मारायचेसुद्धा."

"कोण?"

"माझ्यासारखी दिसणारी माणसं."

"आमच्यासारखी?" मॅकेना.

"हो."

मुलं स्वतःच्या हातांकडे बघू लागली. पहिल्यांदाच पाहिल्यासारखी, पालथे, उताणे. एक जण रडू लागला. त्याची आई संध्याकाळी फोन करणार हे मिस लॉर्नाला तेव्हाच दिसलं, आणि तिने केलाच. आणखी दोघींनीही केला, त्यातली एक पास्टरला.

मग किमोरा बोलली. दारातूनच. "मग हात धुवायला का पाठवायचात? माझ्याबद्दल विचारलं की दर वेळी."

"कारण मला भीती वाटायची."

"माझी?"

"नाही गं. नाही, सोन्या. तुझ्याबद्दल बोलायची."

किमोराने यावर बराच विचार केला. "पण मी तर इथेच होते," ती म्हणाली.

मिस लॉर्ना गालिच्यावर मटकन बसली, आणि चष्म्याच्या साखळीशी खेळत राहिली. थोड्या वेळाने किमोरा दारातून दोन पावलं आत आली आणि गोलाच्या बाहेर, सगळ्यांत लांबच्या खुर्चीवर बसली. कोट तसाच. जेवतानाही कोट. तळघरात हीटर भट्टीसारखा चालतो, तिच्या कानशिलांवरून घाम ओघळत होता, पण तिने चेन खाली केली नाही आणि तिला कर म्हणायची हिंमत कुणाला झाली नाही.

निघताना अर्लीनने ट्रे धुऊन पालथा घातला. "रोज सकाळी मी तिला विचारणार," ती म्हणाली. मिस लॉर्नाकडे न बघता. "यायचंय का म्हणून. हो म्हणाली तर आणीन. नाही म्हणाली तर दोघी नाही. तू तिला काही विचारायचं नाहीस, खाऊ द्यायचा नाही, रडायचं तर अजिबात नाही."

गुरुवारी त्या आल्या. कॉफी झाली नाही.

शुक्रवारी बर्फ पडलं. आमच्या चर्चच्या तळघराला रस्त्याच्या पातळीवर एकच बुटकी खिडकी आहे, तिच्यातून माणसं दिसत नाहीत, फक्त पावलं दिसतात. मिस लॉर्ना पावणेआठपासून त्या खिडकीखाली स्टुलावर उभी होती. पास्टरचे काळे बूट गेले. कॉल्टनचे, एक पाय डबक्यात मुद्दाम. मॅकेनाचे आईच्या पुढे. आठ वाजले. आठ वाजून पाच मिनिटं झाली. आत वर्गात कुणीतरी कुणाचा खडू हिसकावला, आरडाओरडा झाला, ती हलली नाही.

मग रबराचे मोठे बूट आले आणि शेजारी छोटे. खिडकीसमोर थांबले. छोट्या बुटांची टोकं एकमेकांकडे वळलेली, बर्फात रेघ ओढत होती. बोललेलं काही ऐकू येत नव्हतं. मिस लॉर्नाने काचेवर हात ठेवला आणि लगेच काढला, दिसला असता. मोठे बूट ओढत नव्हते, ढकलत नव्हते, नुसते उभे होते, बर्फ त्यांच्यावर साचत होतं. कितीतरी वेळ.

छोटे बूट वळले. रस्त्याकडे नाही. तळघरात उतरणाऱ्या पायऱ्यांकडे, एक एक करत, मधेच थांबत.